बिळापुढची घोंगडी

बायनाबाईचा विषय निघाला की आष्टीकडच्या आमच्या गावात अजून दोन तट पडतात. मी कुठल्या तटात आहे ते आधीच सांगून टाकतो: तिच्या.

बायनाबाई धनगराची. नवरा गेल्यापासून मेंढरं एकटी राखते. माळावरून तिनं हाक मारली की वेशीतली कुत्री उठून उभी राहतात. गोड बोलणं तिला जमत नाही, आणि जमावं असं तिला वाटतही नाही.

गेल्या उन्हाळ्यात लांडग्यानं तिचं कोकरू नेलं. माळावर लांडगे आता नावाला उरलेत, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पण गावाला निमित्त सापडलं. विजयसिंह आमचे पुढारी, मोठे बागायतदार. बाईच्या नुकसानीचा कळवळा त्यांनाच बाईपेक्षा जास्त आला. लांडगीण व्याली होती, तिचं बीळ कुणीतरी हुडकून काढलं. मिरच्यांची धुरी द्यायची आणि तोंडाशी काटे ठासायचे, म्हणजे पिल्लं आतच संपतात. भर दुपारी माणसं काठ्या घेऊन निघाली. काय होतंय ते बघायला मीही गेलो.

बघतो तर बायनाबाई आधीच तिथं! बिळाच्या तोंडापुढं घोंगडी अंथरलेली, वर भंडारा उधळलेला. अंथरलेल्या घोंगडीवर भंडारा पडला की ती बिरोबाची बैठक. धनगर ती ओलांडत नाही. तिचा दीर सटवा सगळ्यांच्या पुढं होता, मिरच्यांचं पोतं घेऊन. त्यानं पोतं खाली टाकलं आणि हात जोडले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"बाई, कोकरू तुमचंच गेलं ना?" विजयसिंह तडकले.

"माजंच गेलं. मंग बोलायचा मान बी माजाच. तुमी कावून काठ्या घिऊन आलाव?"

"लांडगा पायजे ना तुमाला? मंग गावातल्या एकाच्या बी रानात तुमची मेंढरं बसणार न्हाईत!"

ही धमकी पोकळ नव्हती. मेंढरं शेतात बसवली की शेताला खत मिळतं आणि धनगराला धान्य. बाईचं पोट त्यावरच होतं.

"नगा बसवू," ती म्हणाली, आणि तिथून हलली नाही. शेवटी माणसंच परतली.

लांडगिणीनं पिल्लं दुसरीकडं हलवली, सगळी जिवंत. विजयसिंहांनी मात्र शब्द खरा केला. बाईला कुणी बोलावलं नाही. तिनं परगावची रानं धरली, अर्धपोटी दिवस काढले. त्यात आणखी एक कोकरू लांडग्यानं नेलं, तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. चावडीवर हशा पिकला. विजयसिंहांनी मुद्दाम निरोप धाडला, आता कसं वाटतंय?

बाई ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन थेट चावडीवर आली आणि सगळ्यांदेखत विजयसिंहांसमोर उभी राहिली.

"त्याला भूक लागली, त्यानं नेलं. तुमाला कशाची भूक लागलीती, दादा?"