गणपतीला एकशे वीस पत्रिका

शुद्धलेखनाच्या चुका आणि गिचमिड अक्षर यांची माफी आधीच मागते. पण भाच्याच्या लग्नाच्या एकशे वीस पत्रिका मी एकट्या गणपतीला पाठवायला निघाले, ती चूक शुद्धलेखनाची नव्हती.

झालं असं. माझी मनीषा पनवेलच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकली आणि सावेभाऊंच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर तिने एक प्रोग्राम लिहिला. यादीतलं नाव निवडायचं, ‘उचल’ बटण दाबायचं, मग शेजारच्या कोऱ्या पानावर चिकटवायचं. सावेभाऊ म्हणाले, “एक यादी बिनचूक छापून दाखव, पंधराशेला विकत घेतो.” पंधराशे म्हणजे तिची पुढची फी! योगायोगाने कोन गावच्या माझ्या वन्संच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पत्रिकांवर चिकटवायचे पत्ते आम्ही मागून घेतले.

नेमकी पत्ते छापायच्या दुपारी मनीषाची परीक्षा. राहिले मी. (शिक्षण चौथी!)

“आई, सोप्पं आहे गं.”

“उचललेलं नाव जातं कुठे पण?”

“क्लिपबोर्डवर.”

“तो कुठे असतो?”

“दिसत नाही. तू मनात एखादं नाव धरून ठेवतेस ना, तसं.”

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे वाकून बघितलं. वायरी होत्या आणि एक पाल.

आमच्यात पहिली पत्रिका गणपतीची, म्हणून यादीत पहिलं नाव त्याचंच. निवडलं, ‘उचल’ दाबलं, चिकटवलं. आलं की! दुसरं नाव निवडलं, ते निळं झालं. आता पुन्हा ‘उचल’ कशाला? मिक्सर एकदा सुरू केला की प्रत्येक मिरचीला बटण दाबतो का आपण? मी नुसतंच निवडत आणि चिकटवत गेले. अख्खं पान एकदम दिसावं म्हणून अक्षरं मुंगीएवढी ठेवली होती. ओळी कशा सरळ आल्यात, एवढंच मी कौतुकाने बघत होते!

सावेभाऊ जेवून आले. “झालं का वहिनी?” परक्या माणसासमोर मला मोठ्याने बोलवत नाही. मी मान हलवली. त्यांनी महागाचे स्टिकरचे कागद लावले आणि सगळं छापलं.

तेवढ्यात वन्सं आल्या, न्हावा शेवा बंदराच्या ट्रकांना शिव्या घालत. चष्मा लावून वाचू लागल्या.

“श्री गणपती, देव्हारा. बरं. श्री गणपती, देव्हारा. हे काय? सुमन, अगं माझे व्याही कुठायत? जाऊबाई कुठायत? सगळा मांडव एकट्या देवाने भरायचा का?”

सावेभाऊंनी कागद बघितले आणि दारात येऊन पोचलेल्या मनीषाला म्हणाले, “प्रोग्राममध्ये खोट आहे पोरी. राहू दे, मला नको.”

मनीषाचा चेहरा उतरला. ती खुर्चीत बसून चूक शोधू लागली. सापडणार कुठून? ती चूक तिच्या पाठीशी पदर पिळत उभी होती!

“खोट माझी आहे,” मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की मशीनवरचा माणूसही वळला. “मी ‘उचल’ एकदाच दाबलं.”

“एकदाच?” मनीषा.

“मिक्सरसारखं.”

आधी वन्सं हसल्या, मग सगळा छापखाना. सावेभाऊ डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, तुम्ही केलंत ते माझा माणूसही करेल. मनीषा, याचं काहीतरी कर.”

मनीषाने दोन-तीन ओळी बदलल्या. आता नाव निवडलं की प्रोग्राम आपणच क्लिपबोर्ड आधी रिकामा करणार आणि मग ते नाव उचलणार.

“रिकामा करतो म्हणजे जुनं नाव टाकतो कुठे?”

“आई, आत्ता नको!”

पत्ते पुन्हा छापले, बिनचूक. प्रोग्राम पंधराशेला गेला. वाया गेलेल्या स्टिकरचे ऐंशी रुपये मात्र मीच देणार म्हणून हटून बसले. कुरडया विकून दर शनिवारी दहा रुपये नेऊन देत होते. आठव्या शनिवारी शेवटची नोट ठेवली.

“फिटले वहिनी, सगळे फिटले,” सावेभाऊ म्हणाले.

आता देणं नाही, भीड कशाची? मी धीर करून विचारलं, “मग मी एकदा बसून बघू का?”

सावेभाऊंनी हसतच नोट खिशात घातली आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर कापड ओढलं.