पालथी बशी

अनंतराव देगलूरकर गेल्याची बातमी मला कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. 'कधीही न भरून येणारी पोकळी' असं सगळ्यात आधी लिहिलं होतं ते ज्यानं त्यांचं टेबल गोदामाशेजारी हलवलं होतं, त्याच माणसानं. फोन गादीवर भिरकावला आणि काचीगुड्याला त्यांच्या घरी गेलो.

हैदराबादेत तारनाक्याला आम्ही एकाच कंपनीत होतो. दवाखान्यातल्या कात्र्या-चिमटे वाफेनं निर्जंतुक करणारी यंत्रं आम्ही बनवत असू. मी खरेदी बघायचो, अनंतराव दुरुस्ती विभागाचे प्रमुख. पुण्याहून मी नवा आलेलो, पहिल्याच मीटिंगमध्ये तावातावानं बोललो. नंतर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "एवढं कायकू बोललास? फैसला सकाळी गाडीतच झाला. इथं नुसती चाय प्यायची." गाडी म्हणजे मोठ्या साहेबांची. साहेब हिमायतनगरहून निघत, वाटेत मर्जीतले दोन मॅनेजर चढत आणि तारनाका येईपर्यंत कुणाची बदली, काय बंद, सगळं ठरलेलं असे. मग मीटिंगमध्ये साहेब प्रत्येकाचं मत आस्थेनं विचारत, मान डोलावत... आणि बेल दाबत. बेल वाजली की चहा येई, चहा आला की विषय संपला.

अनंतराव तेवढे तो चहा घेत नसत. निर्णय पटला नाही की कपावर बशी पालथी घालून ठेवत. साहेबांनी एकदा विचारलं, "देगलूरकर, चाय नहीं पीते?" "पीऊंगा साहब, पहले बात तो होने दीजिए." सगळे हसले. अनंतराव हसले नाहीत.

मग त्यांचाच विभाग बंद करायचा विषय आला. ती जागा विकून शहराबाहेर नवी इमारत बांधायची होती. अनंतरावांनी जीव तोडून सांगितलं, लहान गावातल्या प्रसूतिगृहात असं एकच यंत्र असतं, ते बिघडलं की शस्त्रक्रिया थांबतात, त्या डॉक्टरांनी जायचं कुणाकडे? मीही त्यांच्या बाजूनं बोललो. "बहुत अच्छा पॉइंट है," साहेब म्हणाले, आणि बेल दाबली. इतिवृत्तात छापून आलं, 'सर्वानुमते मंजूर'. अनंतराव तो कागद घेऊन साहेबांकडे गेले. निर्णय बदलू नका, पण माझा विरोध होता एवढं लिहा, एवढंच त्यांचं मागणं. तेही झालं नाही. उलट टेबल गोदामाशेजारी गेलं आणि हातचं कामही काढून घेतलं. डॉक्टरांचे फोन मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांनाच येत राहिले. 'विभाग बंद झाला, डॉक्टर' एवढंच सांगून ते फोन ठेवत. एकदा मला म्हणाले, "कागदावर तर मी पण हौ म्हटलंय, बघ." ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

तेराव्यानंतर कंपनीनं शोकसभा ठेवली, त्या नव्या इमारतीत. त्यांच्या पत्नीला, सुधावहिनींना, आणायला खास गाडी पाठवली. साहेबांनी फोटोला हार घातला, देगलूरकर म्हणजे कंपनीचा आत्मा होते म्हणाले, आणि नव्या ट्रेनिंग हॉलला त्यांचं नाव द्यायचा ठराव मांडला. पाटी आधीच तयार होती, दाराशी कागदात गुंडाळून टेकवलेली. "भाभी, आपको कोई एतराज तो नहीं?" असं विचारता विचारताच त्यांचा हात बेलवर गेला.

चहा आला. वहिनी याआधी कधी कंपनीत आल्या नव्हत्या, पण घरी रोज संध्याकाळी त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी शांतपणे कप उचलला, खालची बशी काढली आणि कपावर पालथी घातली. "एतराज है," त्या म्हणाल्या. "लिख लीजिए."

साहेबांनी मान डोलावली. बाकीचे चहा पिऊ लागले. आम्ही निघालो तेव्हा टेबलावर तो एकच कप भरलेला होता, बशीखाली निवून गेलेला...

परवा त्या सभेचं इतिवृत्त ग्रुपवर आलं. हॉलला नाव देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. म्हणून निदान इथं तरी लिहून ठेवतो. देगलूरकरांचा विरोध होता. वहिनींचाही आहे.