प्रेमदासजींचा ओला कचरा

हिंगणघाटच्या बाजारात प्रेमदासजींचं फोटो फ्रेमचं दुकान शोधायचं असेल, तर पाटीकडे बघू नये, खाली बघावं. दारात दोन डबे दिसतील. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा. दोन्हींना झाकण आणि दोन्ही इतके घासलेले, की नवखं गिऱ्हाईक चपला बाहेर काढून आत येतं.

गिऱ्हाईक म्हणजे तरी किती! पूर्वी लग्नाचे, बारशाचे, कबड्डी जिंकलेल्या पोरांचे फोटो यायचे. आता ती सगळी हसरी मंडळी मोबाइलमध्ये राहायला गेली. काचेच्या मागे राहायला तयार असलेले दोघंच उरले, देव आणि गेलेली माणसं. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येणारा फार बोलत नाही. हाताने माप दाखवतो, "परवा तेरवी हाये," म्हणतो आणि जातो.

घर दुकानाच्याच मागे. तीन वर्षांपूर्वी सुलोचनाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या फोटोला प्रेमदासजींनीच काच बसवली. मुलगी रुचिका हैदराबादला. ती रविवारी फोन करून "जेवले का बाबा?" विचारते आणि हे "जेवलो" म्हणतात. जेवण खानावळीच्या डब्यातून येतं. रिकामा डबा परत जातो. त्या घरात चूल नाही, म्हणून साल नाही, देठ नाही, चहाचा चोथासुद्धा नाही.

दिवसात माणूस म्हणून त्यांच्याशी बोलायचं ते घंटागाडीवरची पौर्णिमा. कोपऱ्यावरची मोठी कचराकुंडी उठवली आणि प्रत्येक दुकानदाराने आपापले डबे ठेवायचे, धुवायचे, कचरा गाडीतच द्यायचा, असा नियम झाला, तेव्हा अख्ख्या ओळीने कपाळाला आठ्या घातल्या. प्रेमदासजी तेवढे खूश. फुटकी काच ते कागदात गुंडाळून, दोरी बांधून, वर 'काच आहे, जपून' असं सुरेख अक्षरात लिहून द्यायचे.

"काकाजी, हा कचरा हाये का आहेराचं पाकीट?" पौर्णिमा म्हणायची.

"तुह्या हाताले लागू नाई म्हणून."

"माह्या नवऱ्याले शिकवा थोडं."

तेवढ्यात ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि गाडी पुढे. पण तेवढ्यावर प्रेमदासजींचं दुपारपर्यंत भागायचं.

मग दिवाळीनंतर गाडीच्या भोंग्यावर नवं फर्मान आलं. दुकानांचा ओला कचरा रोज, सुका फक्त मंगळवारी. दुसऱ्या दिवशी प्रेमदासजी नेहमीसारखे निळा डबा धरून उभे. गाडी हळूही झाली नाही. मागच्या फळीवरून पौर्णिमा ओरडली, "काकाजी, तुमचा सुका! मंगळवारी ठेवजा!"

पुठ्ठा, काच, लाकडाच्या पट्ट्या. त्यांच्या आयुष्यात सगळं सुकंच होतं. मंगळवारपर्यंत ते कोणाशीही बोलले नाहीत. म्हणजे फ्रेमच्या मापाबद्दल बोलले, पण ते काही बोलणं नव्हे.

बुधवारी सकाळी त्यांनी एक केळं आणलं. केळ्याने त्यांना कफ होतो. तरी खाल्लं, साल हिरव्या डब्यात ठेवलं आणि दारात उभे राहिले. गाडी थांबली. एका सालासाठी चारचाकी थांबली याचा त्यांना इतका आनंद झाला, की खोकत खोकतच ते पौर्णिमाशी बोलले. पण आठवडाभरात कफ वाढला आणि त्यांना दुसरा ओला कचरा शोधावा लागला. वाटाणा! मोसमाचा, स्वस्त, आणि सालांनी डबा कसा भरल्यासारखा दिसतो. ते संध्याकाळी दुकानातल्या उजेडात बसून शेंगा सोलायचे.

शेजारी भांडेवाले भैय्याजी. त्यांनी दोन दिवस डब्यात डोकावून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्टुलावर येऊन बसले.

"प्रेमदास, मले सांगाले लाजून राह्यला का?"

"काय?"

"वाटाण्याची सालं निघून राह्यली रोज. कोणी आणली का घरी?"

"काई बी काय बोलता भैय्याजी!"

"चांगलंच हाये ना बा! आमाले फक्त जेवाले बोलाव."

संध्याकाळपर्यंत ओळभर बातमी झाली. प्रेमदासजींच्या घरी बाई आल्याची खूण वाटाण्याच्या सालात सापडली म्हणून सगळे हसत होते. प्रेमदासजी आतल्या खोलीत गेले तेव्हा तिथे नेहमीप्रमाणे कोणी नव्हतं. होते ते फक्त चार दिवसांचे सोललेले वाटाणे. त्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

सकाळी त्यांनी तेही डब्यात ओतले. पौर्णिमाने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकाजी, हे वाटाणे फेकले तुमी? चांगले हिरवेगार!"

"मले सैपाक नाई येत."

"मंग सोलता काऊन?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. प्रेमदासजी हळूच म्हणाले, "सालं नसली तं गाडी थांबत नाई ना."

पौर्णिमाने डबा रिकामा केला, परत ठेवला आणि फळीवर चढली. प्रेमदासजींना वाटलं, झालं, आता ही हसत सगळीकडे सांगत सुटणार.

दुसऱ्या सकाळी ती पिशवी घेऊन उतरली. आत तुरीच्या शेंगा होत्या.

"काकाजी, मी घरी जातो तवा अंगात जीव नाई राहत. एवढ्या सोलून ठेवजा. दाणे मले, सालं डब्यात. आमचे दाणे फेकसान तं याद राखजा!"

आता हिवाळाभर प्रेमदासजी रोज संध्याकाळी शेंगा सोलतात. कधी तूर, कधी वाटाणा. गल्ली सात वाजता ओस पडते. भिंतीवरचे सगळे जण काचेतून बघत असतात आणि नखं हिरवी झालेला हा माणूस एकेक शेंग सावकाश मोडत असतो, घाई केली तर रात्र उरते म्हणून. सकाळी पिशवी हातात द्यायला आणि डबा उलटा करायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच काय ती गाठभेट.

परवा मात्र त्यांना काळजी लागली. पिशवी देताना म्हणाले, "शेंगा संपत आल्या ना वो बाई. उन्हाळ्यात काय?"

"भुईमूग येते ना, काकाजी."

"पन त्याची टरफलं ओल्यात का सुक्यात?"

गाडी सुटली होती. पौर्णिमाने फळीवरूनच मान वळवून ओरडून सांगितलं, "भिजवून ठेवजा!"