उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं

कारखान्याचं गाळप सुरू झालं, की मळीचा उग्र वास आमच्या वडगाव रासाईपर्यंत येतो. लोक नाकाला पदर लावतात. मी मात्र तो वास छाती भरून घेते.

ही सवय लागली त्या वर्षी मी बँजो पार्टी सोडली होती. सात वर्षं दुसऱ्यांच्या वराती गाजवल्यावर स्वतःच्या आठ नाचायच्या गाण्यांचा अल्बम काढला. पार्टीचे मालक आप्पा एवढंच म्हणाले, "पोरी, आमच्या बँजोबिगर तुझा आवाज शिवंच्या पल्याड जायचा न्हाई."

महिनाभर खरंच कुठं काही वाजलं नाही. मग एका दुपारी मी रस्त्यानं चालले असताना मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, आणि त्याच्या स्पीकरवर माझंच गाणं! पायाखालची खडी थरथरत होती. मी रस्त्यातच थबकले.

ड्रायव्हर हातवारे करत ओरडला, "ओ ताई, सरका की बाजूला!"

"अवो दादा, ह्ये मी गायलंय!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

त्यानं कानामागं हात धरला, मान हलवली आणि तसाच पुढं गेला.

तेव्हा वाटलं, मेल्याला कळलंच नाही. आता वाटतं, त्या दिवशी स्पीकरवरच्या माझ्या आवाजापुढं कुणाचाच निभाव लागला नसता. माझासुद्धा.