मामाचा परदेशातला वाटा

पृथ्वीच्या पाठीवर कुठलाही शेअर बाजार पडला, की त्याचा राग जेवणावर काढणारा माणूस केळव्यात एकच आहे, आणि तो माझा मामा आहे. उभा जन्म बोटीवर काढून, गुडघे बोलायला लागल्यावर तो किनाऱ्याला लागला. मी बोईसरच्या कारखान्यात हिशेबनीस; त्यामुळे परदेशी शेअर घ्यायचं ॲप त्याच्या फोनवर घालून देण्याचं पाप माझंच. बोटीतली आपली भागी विकून आलेले पैसे त्याने त्यात ओतले. मामीला त्यातून घरावरचे पत्रे बदलायचे होते. ते अजून गळतात.

'शेअर' हा शब्द मात्र मामाच्या तोंडी कधी आला नाही. बोटीवर मासळीचे वाटे पडतात, मामी पालघरच्या बाजारात वाटे लावून विकते. तेव्हा जपानी कंपनीतही मामाचा वाटाच. भाव पडला, आता वीक, असं म्हटलं की तो माझ्याकडे दयेने बघे. "जाळं रिकामं आलं म्हनून खलाशी बोट सोडतो काय रे?" कंपनीचा ताळेबंद त्याने कधी पाहिला नाही. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांत कुणाचं परदेशी नातं निघालं, की तो एकच विचारी, "तिकडच्या बाया मासा डोक्यासकट घेतात काय?" डोकं न टाकणारं घर काटकसरी आणि असल्या घरांचा देश बुडत नाही, हा त्याचा सिद्धांत. जपान पास झाला. कॅनडा साफ नापास. पण कॅनडात त्याचा मुलगा दिनेश एका बड्या कंपनीच्या गोदामात होता, म्हणून कॅनडाला वरचे गुण देऊन त्याच कंपनीत सगळ्यात मोठी रक्कम गेली. "पोरगा ज्या बोटीवर, तिच्यात बापाचा वाटा नको?"

गेल्या थंडीत एका सकाळी त्याचा फोन आला. "भाच्या, दिनेशची कंपनी एका रातीत वर गेली! जेवायलाच ये." संध्याकाळी मामीने सुरमई वाढली आणि तेवढ्यात दिनेशचा फोन आला. कंपनीने गोदाम बंद केलं होतं. कमी केलेल्या माणसांत तोही होता.

"पन भाव तर वाढला," मामा म्हणाला.

"आमाला काढलं म्हनूनच वाढला, बाबा."

हे गणित उलगडेपर्यंत मामाच्या ताटातला भात गार झाला. त्याचा तो चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

"मानसं कमी झाली की उरलेल्यांचे वाटे मोठे होतात, ते मला ठाव हाय," तो हळूच म्हणाला. "पन आमच्या बोटीवर, घरी बसलेल्याच्या दारी पन वाटा जायचा. भाच्या, इकून टाक तो."

ॲपवर मामाने विकलेला तो पहिला वाटा. पैसे दिनेशला गेले, त्यावर त्याचं काही महिन्यांचं घरभाडं निघालं. मग त्याला दुसरं काम मिळालं.

बाकीचे वाटे मामाने ठेवलेत. पण आता मी भाव चढल्याचं सांगितलं, की तो खूश होत नाही. फोन बाजूला ठेवून विचारतो, "बोटीवरनं कोनाला उतरवला?"

ॲपमध्ये ते कुठे लिहिलेलं असतं, हे मला अजून सापडलेलं नाही.