सासरे, पाणपोई आणि माझं प्रास्ताविक

माझे सासरे माजी राज्यमंत्री आहेत, यात माझा काही दोष नाही. चौदा महिने त्यांनी पाणीपुरवठा खातं सांभाळलं, मग सरकार पडलं. (ते सासऱ्यांमुळे पडलं नाही. सासूबाईंना मात्र अजून खात्री नाही.)

बँकेने माझी बदली जयपूरला केली आणि मे महिन्यात सासरे खातीपुऱ्यातल्या आमच्या घरी राहायला आले. गावाकडे अजूनही लोक त्यांना 'साहेब' म्हणतात. इथे सगळ्यांनी त्यांचं 'अंकलजी' करून टाकलं! भाजीवाला तर "अंकलजी, ज़रा साइड में!" म्हणत भेंड्यांचा गाडा त्यांच्या पायांवरून नेता नेता राहिला. माजी राज्यमंत्री आणि साइड में! दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांचा खादीचा झब्बा कपाटात गेला आणि ते दिवसभर बनियनवर, भिंतीकडे बघत बसू लागले.

"अहो, बाबांना एकदा तरी स्टेजवर बसवा हो," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

आमच्या कॉलनीची समिती दर उन्हाळ्यात रस्त्याकडेला प्याऊ, म्हणजे आपली पाणपोई, लावते. मी तडक सेक्रेटरी शर्माजींना गाठलं.

"उद्घाटन हमारे ससुरजी करेंगे. मिनिस्टर रह चुके हैं."

"किस चीज़ के?"

"पानी के!"

"अरे वाह! पर भैया, दो मिनट का काम है. फीता, ताली, पानी."

दोन मिनिटं! माझं डोकंच फिरलं. ज्यांनी तालुकाभर नळ नेले, त्यांना दोन मिनिटं? या लोकांना अंकलजी कोण आहेत ते एकदा कळलंच पाहिजे! मी रात्रभर जागून त्यांचा परिचय लिहिला. तेरा पानं झाली.

भर दुपारी बारा वाजता लाल ओली फडकी गुंडाळलेले माठ मांडले होते. पुढे फीत. सासरे झब्बा घालून खुर्चीवर. समोर घामाघूम रिक्षावाले, बसमधून उतरलेली माणसं. मी माइक हातात घेतला.

पहिल्या पानावर सासऱ्यांचा जन्म झाला. चौथ्या पानावर ते पहिली निवडणूक हरले. सहाव्या पानावर दुसरीही हरले. आठव्या पानावर निवडून आले, पण विरोधी पक्षात. शर्माजी माझा शर्ट ओढू लागले.

"भाईसाहब, पानी तो पिला दो!" एक रिक्षावाला ओरडला.

"धीरज रखिए! मंत्रीजी अभी विपक्ष में हैं!" मी दरडावलं.

एवढ्यात एक म्हातारी फितीखालून वाकून माठाकडे निघाली. "माताजी, उद्घाटन नहीं हुआ!" मी माइकवरून खेकसलो.

सासरे उठले. कात्रीची वाट न बघता त्यांनी फीत हाताने ओढून तोडली आणि लोटा भरून म्हातारीच्या ओंजळीत पाणी ओतलं. लोक माठांवर तुटून पडले. "अंकलजी की जय!" असा गजर झाला. सासरे झब्ब्याच्या बाह्या सारून संध्याकाळपर्यंत लोकांना पाणी पाजत होते. मी नवव्या पानावर बोट ठेवून उभा होतो, माझ्याकडे कुत्रंही बघेना!

"बाबा, तुमचा शपथविधी पुढच्याच पानावर होता!" घरी येताना मी चिडून म्हणालो.

ते कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. "जावईबापू, बँक सोडा, राजकारणात या. समोर भरलेले माठ ठेवून लोकांना पाऊण तास तहानलेलं ठेवायचं, हे मला चौदा महिने खातं सांभाळूनसुद्धा जमलं नव्हतं!"