जाळीतला काळा दोरा

गाडी तापू लागली की आधी वास येतो. काटा नंतर चढतो, वाफ त्याहूनही उशिरा दिसते. उकळत्या कूलंटचा तो वास गोडसर असतो, पाक करपण्याच्या आधी कढईवरून येतो तसा, आणि त्या गोडीमुळेच तो मला अभद्र वाटतो. मार्चातल्या त्या दुपारी त्याच्याखाली आणखी एक वास होता, जळक्या लोकरीचा. गाडीत लोकर कुठून आली, हे आठवायला मला थोडा वेळ लागला.

धाकटी बहीण बाळंतपणासाठी धर्मापुरीजवळच्या आमच्या घरी आली होती. याआधी दोनदा तिचे मूल पोटातच गेले होते. दोन्ही वेळा आदल्या दिवसापर्यंत सारे ठीक होते, आणि म्हणून या खेपेला सारे ठीक असण्याचीच आम्हाला भीती वाटे. आठवा महिना लागला तसे घराचे आवाज बदलले. भांडे पडले तरी माय दचकायची. बहीण भिंतीला टेकून तासन्‌तास पोटावर हात ठेवून बसायची, एखाद्या बंद दाराला कान लावावा तशी. मेहुणे नोकरीच्या गावी. घरात आम्ही तिघीच, आणि तिघींत गाडी चालवणारी मी एकटी.

आमच्या पडीक रानात तेव्हा मेंढरांचा तळ पडला होता. मायने तिथून काळ्या मेंढीची लोकर आणली, उंबऱ्यात बसून मांडीवर तिचा दोरा वळला, उलट्या पिळाचा. नजर लागू नये म्हणून आमच्या घरात असा दोरा बांधतात. एक बहिणीच्या पोटरीला बांधला, एक बाजेच्या पायाला. तिसरा, सर्वांत लांब, गाडीसाठी होता. वेळ आली की तिला दवाखान्यात नेणार ती गाडीच. जिचे मूल तिनेच तो बांधायचा, आणि मूल जन्मून पाळण्यात पडेपर्यंत त्याला कातर-सुरीचे लोखंड लावायचे नाही. मग तोच दोरा, अखंड, पाळण्याला.

बहिणीने जड अंगाने वाकून गाडीच्या तोंडच्या जाळीला, त्यात ओवलेल्या बिब्ब्यासकट, तो बांधला. गाठ मारूनही वावभर, दोन हात पसरावेत एवढा, दोरा उरला.

"उरलेला कापून टाकू का?" मी विचारले.

"तोंड बघा हिचं," माय म्हणाली. "शिकून शिकून लई शानी झाली. लोखंड लावायचं न्हाई म्हनून आत्ताच सांगितलं न्हवं?"

"राहू दे गं आक्का," बहीण हसली. "माज्या लेकराला लांब आयुष्य पायजे. दोराबी लांबच असू दे."

तिने ते उरलेले टोक एका बोटाने जाळीच्या आत सारून दिले. आत काळोख होता. दोरा हळूहळू आत शिरला आणि दिसेनासा झाला. त्या जाळीच्या लगेच मागे आमच्या गाडीत पंखा आहे आणि त्याच्यामागे रेडिएटर, हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी मी फक्त तिची सुजलेली बोटे पाहत होते.

मग ती दुपार आली. आभाळ पांढरे पडले होते, कडुलिंबाखालची सावलीसुद्धा पातळ झाली होती. बहीण ओसरीवरून उठली आणि तिथेच थांबली. तिच्या पायांखालची फरशी ओली झाली होती.

"आक्का," ती अगदी हळू म्हणाली, "पानी गेलं."

दिवस भरायला अजून अवकाश होता. रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या गावाला गेलेली होती, परतली की येईल एवढेच कळले. थांबणे शक्य नव्हते. मागच्या बाकावर मायच्या मांडीवर बहिणीचे डोके, पायांखाली जुनी गोधडी, आणि आम्ही अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलो.

पहिल्यांदा एसीची हवा कोमट झाली. मला वाटले, ऊनच तेवढे आहे. पुढे उसाने लादलेला, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्ता भरून चालला होता. त्याच्या मागे रांगताना काटा मधली रेघ ओलांडून वर गेला. ट्रॅक्टरला वळसा घालून मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला, तसा तो मुकाट खाली आला. पुढच्या गावातल्या गतिरोधकांवर पुन्हा चढला. या चढउताराचा अर्थ एकच होता. वेग असेल तोवर समोरचा वारा जाळीतून आत शिरून रेडिएटरमधले पाणी निववतो; वेग गेला की ते काम पंख्याचे असते. मी काच खाली करून कान दिला. इंजिनाचा आवाज होता, टायरांचा होता. पंख्याची ती ओळखीची घरघर नव्हती.

गावाबाहेर चिंचेखाली गाडी उभी करून मी बॉनेट उचलले. गरम हवेचा लोट तोंडावर आला. पंखा स्तब्ध होता. त्याच्या दांड्यावर काळी लोकर वेढ्यांवर वेढे घेऊन बसली होती. उष्णतेने आणि ओढीने तिचा घोंगडीसारखा घट्ट थर झाला होता. पंख्याच्या मोटारीतून तारांवरच्या लाखेचा करपट वास येत होता. ते बाहेर राहिलेले टोक, बिब्ब्यासह, अजून जाळीला सुखरूप लटकत होते. मी बोटांनी वेढे सोडवू पाहिले. नखे वाकली, वेढा हलला नाही.

"आक्का," आतून हाक आली, "दोरा हाय ना जाग्यावर?"

"आहे," मी म्हणाले.

ते खोटे नव्हते, म्हणूनच ते शब्द तोंडात राखेसारखे लागले.

सिरसाळ्याच्या मिस्त्रीने कधीतरी सांगितलेला उपाय तेवढा हाताशी होता. पंखा बंद असेल तर गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा; इंजिनाची काही आग माणसांच्या अंगावर ओढून घ्यायची. मी चारही काचा उतरवल्या आणि हीटर सोडला. भट्टीचे दार उघडावे तशी हवा आत आली. मायचा पदर ओला झाला, मग कोरडा, मग पुन्हा ओला. आरशात बहिणीचे ओठ पांढरे दिसत होते.

"ह्ये काय लावलंय गं!" माय ओरडली. "जीव घेती का तिचा?"

"हे बंद केलं तर गाडी बंद पडेल, माय."

दोन कळांच्या मध्ये बहीण कशीबशी हसली. "बाळंतिणीला शेक देत्यात, ते बाळंत झाल्यावर गं आक्का. तू आदीच देऊ लागली."

मी हसले नाही. माझे डोळे काट्यावर होते. आता एकच गोष्ट करायची होती: थांबायचे नाही. आणि त्या रस्त्यावरची प्रत्येक वस्तू आम्हाला थांबवायलाच उभी आहे असे वाटू लागले. खड्डे, आडवी येणारी गाय, हात करणारा प्रवासी. इंजिनातले पाणी आटत होते. मागे एक जीव पाण्यावाचून कोरडा पडत होता. या दोहोंपैकी आधी काय संपेल, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते, आणि तो येतच होता.

वळण घेतले आणि समोर रस्ताच दिसेना. मेंढरे होती. कडेपासून कडेपर्यंत, धुळीने माखलेल्या पाठींचा एक संथ पूर. पुढे सामान लादलेले घोडे, मागे दोन माणसे. मी हॉर्न दाबला. मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून जागीच थबकली. काटा लाल रेघेवर गेला, आणि बॉनेटच्या फटींतून पहिली वाफ निघाली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. त्या शांततेत बहिणीचे कण्हणे फार मोठे वाटले.

"हाण की बे कडंला! गाडीत बाई अडलीय, दिसंना का?" म्हातारा मेंढपाळ आपल्या जोडीदारावर ओरडला आणि माझ्याजवळ आला. तोवर मी बॉनेट उघडले होते. त्याने आपली घोंगडी पाण्यात भिजवून रेडिएटरच्या आवरणावर टाकली. "आत्ता टोपन काढू नगं. तोंड भाजंल." मग त्याचे लक्ष पंख्याकडे गेले. तो वाकला आणि लगेच सरळ झाला.

"काळ्या मेंढीची लोकर हाय ही," तो म्हणाला. "कुनी बांधली?"

"बहिणीने. होणाऱ्या बाळासाठी."

त्याच्या कमरेला लोकर कातरायची मोठी कातर खोचलेली होती. माझी नजर तिच्याकडे गेलेली त्याला कळली. त्याने ती काढली, पण पुढे आला नाही. पाती त्याच्या तळहातावर उन्हात चमकत राहिली.

"लेकी, म्या न्हाई लावायचा त्याला लोखंड," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माज्याबी घरात लेकरं हायती. तू लाव."

त्याने कातर माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवले. मी मागे पाहिले. माय गाडीतून उतरून माझ्या पाठीशी कधी येऊन उभी राहिली होती, कळले नाही. तिने पंखा पाहिला. कातर पाहिली. मला वाटले, ती माझा हात धरील. तिने पदर तोंडाशी नेला.

मी कातर चालवली. जाळीपासून दांड्यापर्यंत ताणलेल्या जाड पदरातून पाती जाताना खर्र असा लांब आवाज झाला, कापड फाडल्यासारखा, आणि त्याच क्षणी गाडीतले कण्हणे थांबले. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मेंढरांच्या खुरांचा आवाजही ऐकू येईना. मग कण्हणे पुन्हा सुरू झाले, आणि माझा श्वासही.

"काय न्हाई गं," माय खिडकीशी जाऊन म्हणाली, "मेंढरं हायती."

पुढचे सगळे हातांनी केले, मी नाही. ताण सुटल्यावर वेढे उकलले, दांडा मोकळा झाला, पाते बोटाने ढकलल्यावर फिरले. पंख्याचा फ्यूज उडालेला होता. काचा उतरवलेल्याच होत्या आणि त्या वर घ्यायची गरज नव्हती. खिडक्यांच्या विजेवर चालणाऱ्या काचांचा त्याच मापाचा फ्यूज काढून मी पंख्याच्या जागी बसवला. वाफ ओसरल्यावर घोंगडीआडून टोपण सैल केले, मेंढपाळाने इंजिन सुरू करायला लावून आपल्या भांड्यातले पाणी थोडे थोडे ओतले. पंखा कण्हला. थांबला. मग एक करपट हुंकार देऊन फिरू लागला. तो आवाज बरा नव्हता. आतली मोटार जळालेली होती. ती किती वेळ साथ देईल ते कोणी सांगू शकले नसते.

जाळीवरून सोडलेला आणि दांड्यावरून उकललेला, असे दोऱ्याचे दोन तुकडे मायने माझ्या हातातून घेतले आणि कमरेच्या पिशवीत टाकले.

अंबाजोगाईच्या अलीकडचा चढ मी श्वास धरून चढले. पंख्याचा आवाज मध्येच बारीक होई, आणि आरशात मायचे डोळे माझ्या डोळ्यांना भेटत.   दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, बहिणीला आत नेले, आणि मी किल्ली काढल्यावरही पंखा तसाच एकटा फिरत राहिला. मग एक झटका देऊन कायमचा बंद पडला.

मुलगी झाली. रडली, पण बारीक, मांजराच्या पिलासारखी. तिला उबेच्या काचेच्या पेटीत ठेवले. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आणलेत, आता वाट पाहायची. शुद्धीवर आल्यावर बहिणीने आधी बाळाचे विचारले आणि लगेच ती म्हणाली, "दोरा आनून ठेवा. हरवू नगा."

व्हरांड्याच्या टोकाला, माणसांकडे पाठ करून, मायने पिशवीतून दोन्ही तुकडे काढले. बोटे जिभेला लावून टोके ओली केली, पीळ उकलून एकात एक मिसळले आणि वर गाठ मारली.   पुढचे कितीतरी दिवस ती पेटीच्या काचेपाशी बसायची तेव्हा तो दोरा तिच्या मुठीत असायचा, आणि मी शेजारी बसून पेटीतल्या बारीक घरघरीकडे कान लावायची. तो आवाज जरा बदलला की मी उभी राहायची. परिचारिका म्हणायच्या, "बसा हो ताई, काही झालं नाही."

मुलगी घरी आली. बारसे उशिरा, उन्हाळा ऐन भरात असताना केले. पाहुणे जेवून गेले होते. पाळण्यात मुलगी झोपली होती, छताचा पंखा फिरत होता. बहिणीने मायकडे हात पसरला. मायने दोरा दिला, गाठ अंगठ्याखाली झाकून. बहिणीने तो हळूहळू बोटांतून सरकवला, आणि गाठीपाशी तिची बोटे थांबली. तिने नाकाशी नेऊन वास घेतला. 

"ओढताना तुटला गं त्यो," माय घाईने म्हणाली.

"मला म्हाईत हाय," बहीण म्हणाली. वर न पाहता. "कातरीचा आवाज आलता मला. तवाच वाटलं, आता हेबी जातंय. पन म्हनलं, बोलले तर आक्काच्या हातातलं चाक सुटंल."

 तिने गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली, मग दोरा पाळण्याच्या दोरीला गुंडाळला. या वेळीही लांब टोक उरले, ते तिने गुंडाळून आत खोचले.

तेवढ्यात वीज गेली. वरचा पंखा लगेच थांबला नाही. पाती वेगळी वेगळी दिसू लागली, संथ होत गेली, आणि पाळण्यावरची त्यांची सावलीही संथ झाली. मुलगी झोपेतच होती. आम्ही तिघी मान वर करून ती पाती मोजत असल्यासारख्या पाहत राहिलो. ती पुरती थांबली. मग तिघींचे हात एकदमच पाळण्यात गेले, तिच्या छातीवर.